आप्पांची पथरी

लिएज, बेल्जियम, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय बंडू,

दिवाळीत तुझा फोन आला, नंतर करतो म्हणालो आणि केलाच नाही. त्याला आता तीन महिने होत आले. रागावला असशील तर भेटल्यावर शिव्या घाल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलायला गेलो तर घसा भरून येईल, म्हणून लिहितोय. इकडे सगळे बरे आहेत. माझी बीपीची गोळी चालू आहे, हिची पाठ अधूनमधून धरते.

आप्पांच्या पथरीचं, वस्तऱ्याला धार लावायच्या त्या दगडाचं, मी वाटोळं केलं, बंडू.

आप्पांची हजामतीची धोकटी मी इकडे आणली ते तुला ठाऊकच आहे, माळ्यावरून तूच काढून दिलीस. वस्तरा, चामोटी, नराणी, पितळी वाटी, सगळं वर्षभर कपाटात होतं. मध्यंतरी शेजारचा म्हातारा सुतार घरी आला होता. त्याला मी ते कौतुकाने दाखवत होतो. बाकी कशाकडे त्याने बघितलं नाही. पथरी उचलली, खिडकीपाशी नेली, अंगठा ओला करून तिच्यावर फिरवला आणि म्हणाला, "हा तर आमचा दगड. व्हिएलसाल्मचा. कोतिक्युल."

मी बघतच राहिलो. आठवतं ना, आप्पा तिला कायम 'विलायती पथरी' म्हणायचे? आजोबा पलटणीत न्हावी होते, तिथल्या कुठल्याशा साहेबाने जाताना दिलेली. आपण समजत होतो विलायत म्हणजे इंग्लंड. आणि ती निघाली माझ्या घरापासून तासाभराच्या आगगाडीवर! दहा वर्षं मी इथे राहतोय.

पुढच्याच शनिवारी पथरी रुमालात गुंडाळून गेलो. व्हिएलसाल्मला लागूनच सालमशातो नावाचं गाव आहे, तिथे या दगडाचं संग्रहालयच आहे. दगड कापायची जुनी यंत्रं मांडून ठेवलीत. बाहेर साल्म नदी, वर झाडी. पाऊस भुरभुरत होता, आपल्या महाबळेश्वरच्या जूनसारखा. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड, समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा. निळ्या-जांभळ्या पाटीच्या दगडात पिवळ्या रंगाचे पातळ थर असतात, कुठे बोटभर, कुठे त्याहून कमी. तो पिवळा थर हाच खरा माल. आप्पांच्या पथरीची खालची बाजू निळी का, हे आपण त्यांना शंभरदा विचारलं असेल. "देवाने तशी केली," म्हणायचे. बरोबरच होतं त्यांचं.

आणि धार कशाने लागते माहीत आहे? त्या पिवळ्या थरात गार्नेटचे डोळ्यांना न दिसणारे कण खच्चून भरलेले असतात. त्यांना अणकुचीदार टोकं नसतात, गोलसर पैलू असतात, म्हणून ते पोलादाला खोल ओरखडे पाडत नाहीत. धार लागते आणि तरी गालाला मऊ लागते. गार्नेट म्हणजे तुझ्या बोटातल्या गोमेदाचीच जात रे! राहू शांत झाला की नाही ते तू सांग, पण निम्म्या गावाच्या दाढ्या त्याच्या भावंडांनी केल्या हे नक्की.

पाणी टाकून घासलं की दुधासारखं पिवळसर पाणी सुटायचं ना, ते म्हणजे हे सुटे झालेले कण. आप्पा आधी दाट दुधावर वस्तरा फिरवायचे, मग वाटीतलं पाणी थेंब थेंब टाकत ते पातळ करत न्यायचे, आणि शेवटी नुसत्या पाण्यावर दहा-बारा हलके हात. आम्हाला कोणी हे शिकवलं नाही. इथे लोक हेच शब्दाशब्दाने समजावून सांगतात आणि आप्पा ते बलुत्याच्या जोंधळ्यावर करत होते.

आता खरं सांगतो. तिथे काचेच्या कपाटात नव्या पथऱ्या मांडल्या होत्या, आरशासारख्या सपाट. मी रुमाल सोडून आप्पांची शेजारी धरली. मधे खोलगट, कडा उंच, एक कोपरा उडालेला. मला लाज वाटली, बंडू. ज्या मातीतून ती आली तिथेच आणून मला तिची लाज वाटली. कोणी बघायच्या आत मी ती परत गुंडाळली.

त्याच रात्री खिडकीची एक जाड काच घेतली, तिच्यावर पाण्याचा पॉलिश पेपर पसरला, आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ६००, आणि पथरी घासायला बसलो. धार लावायची तर दगड सपाट हवा, असं जो तो सांगतो, आणि ते खरंच आहे. घासण्याआधी पट्टी ठेवून बघितली होती. पट्टीखालून रुपयाचं नाणं आरपार गेलं. पृष्ठभागावर पेन्सिलीने चौकड्या आखल्या. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या राहिल्या. परत आखल्या, परत मधल्या राहिल्या. तीन तास लागले. शेवटची रेघ गेली तेव्हा काचेवर पिवळा चिखल झाला होता आणि माझ्या हातात एक नवीकोरी पथरी होती. आजोबा आणि आप्पा दोघांनी मिळून साठ-सत्तर वर्षांत जेवढा दगड खर्चला, जवळजवळ तेवढा मी एका रात्रीत उडवला.

मग वस्तरा काढला. इथे एक युक्ती करतात, धारेवर शाईच्या पेनाने काळी रेघ ओढायची आणि एकच हलका हात मारायचा. शाई जिथली गेली तिथे दगड लागतोय. वस्तऱ्याचं बरंय, कोन मोजावा लागत नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप मिळतो. मी हात मारला, दिव्याखाली धरलं. मागची शाई गेली होती. ऐन धारेवर केसाएवढी काळी रेघ तशीच. परत मारला, परत तीच रेघ.

दहा मिनिटं मला काही कळेना, आणि मग कळलं. तो वस्तरा त्या खळग्यात वाढलेला आहे. खोलगट दगडावर धारेचा उतार किंचित उभा पडतो, अर्धा अंश असेल. सपाट दगडावर तो ऐन टोकाला टेकतच नाही. टेकवायचा तर मागचं पोलाद झिजवत यायचं. म्हणजे आप्पांनी लावलेली शेवटची धार घासून काढायची. खळगा तर मी घालवलाच, आता हेही? त्याला हात लावायचं धाडस होत नाहीये. आठ दिवस झाले, वस्तरा टेबलावर तसाच आहे आणि धारेवर ती काळी रेघ. हिने विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही. ती म्हणेल, दगडच तर सपाट केलास. तिचंही चूक नाही. तिने आप्पांना पथरी लावताना बघितलंच नाही. एड्सची भीती आली, अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले, आणि आमच्या लग्नाच्या आधीच आप्पांनी पथरी गुंडाळून ठेवली होती.

तू बघितलंयस. डाव्या तळहातावर पथरी, कोपर मांडीला टेकलेलं, आणि मुळापासून टोकापर्यंत तिरका जाणारा हात, थोडासा वळत. "कान दे," म्हणायचे. खर्र असा आवाज हळूहळू सूं व्हायचा. मग तुझा हात ओढायचे केस उडतात का बघायला. दहावीपर्यंत तुझ्या डाव्या मनगटावर एक केस नव्हता, शाळेत सगळे विचारायचे हा कसला रोग!

तुला हॉस्टेलवरचं भांडण आठवत असेल. मी कधी विसरलो नाही. त्या मुलांनी विचारलं, वडील काय करतात, आणि मी म्हणालो, दुकान आहे. तू खोलीबाहेर येऊन माझी कॉलर धरलीस. "कसलं दुकान रे? धोकटी म्हणायला जीभ झडते काय?" महिनाभर आपण बोललो नाही. मला वाटत होतं ते वय होतं, ते संपलं. त्या संग्रहालयात उभा राहिलो आणि तोच मुलगा परत माझ्यात उभा राहिला. म्हणून तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला हे सांगायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू?

आणखी एक. कोपरा मीच उडवला होता. भोवऱ्याची आर पथरीवर घासायची कल्पना तुझी, पण ओट्यावरून ती माझ्या हातून पडली. आठवीपासून तुझ्यावर ढकलत आलोय. आप्पांनी एका शब्दाने विचारलं नाही. तुटलेली कड उंबऱ्याच्या दगडावर घासून गोल केली, पातं अडकू नये म्हणून, आणि तेव्हापासून तो कोपरा कायम अंगठ्याखाली धरला. एवढं घासूनही तो कोपरा मात्र गेला नाही. आज अंगठा ठेवून बघितला. बरोबर बसतो.

चिऊचा बारावीचा अभ्यास कसा चाललाय? फॉर्म भरताना अडलं तर मला फोटो पाठवा. उसाचं बिल मिळालं का? वहिनींना सांग, मेतकूट पुरलं, अजून आहे. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाच्या आत करून घ्या.

आणि आता मुख्य काम. आप्पांनी तुझ्या लग्नात तुला दुसरा वस्तरा दिला होता, काळ्या मुठीचा. तो त्यांनी याच पथरीवर लावून दिला होता, माझ्यासमोर. तू तो कधी वापरला नाहीस म्हणून मी तुला किती बोललोय! नाही वापरलास ते फार बरं केलंस. त्याचा उतार अजून त्या खळग्याचाच असणार. कुणाला धार लावायला देऊ नकोस. गंज आला असेल तर घासू नकोस, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरव आणि कोरड्या कापडात गुंडाळून ठेव.

काचेवरचा पिवळा चिखल मी वाळवून एका डबीत भरलाय. चामोटीवर चोळायला चालला असता, पण त्यात पेपरची काळी कच मिसळलीय, चामड्याला लागली तर धार खराब होईल. टाकवतही नाही. मे महिन्यात येतोय, डबी आणि पथरी दोन्ही घेऊन. तोवर या वस्तऱ्याला मी हात लावत नाही. तू काय म्हणतोस ते कळव. फोन कर, या खेपेला उचलतो.

तुझाच,
दिगू