दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन पुढे ढकलू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या २४ वर्षांच्या पुतण्याच्या मानेवर गाठ आली, तेव्हा ती क्षयाची समजून त्याला चार महिने औषधे दिली गेली. गाठीचा तुकडा तपासल्यावर हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, निघाला. तो प्रसंग मी येथे उगाळत नाही. हे पत्र त्यानंतरच्या एका तपासणीविषयी आहे. आपल्याकडची अनेक घरे खर्चाच्या धास्तीने ती शेवटावर ढकलतात, आणि आम्हीही ढकलणारच होतो.

केमोच्या दोन सायकल झाल्या, म्हणजे पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा सलाईन लागले, आणि मानेवरची गाठ हाताला लागेनाशी झाली. डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला, म्हणजे शिरेतून औषध देऊन जिवंत गाठी चित्रात चमकताना दाखवणारी तपासणी. "गाठ तर गेली, आता स्कॅनचे पैसे सोयाबीनची पट्टी आल्यावर शेवटी एकदाच भरू," असे माझे बंधू म्हणाले आणि मलाही ते पटले. डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले, की गाठीचा आकार किती उतरला यापेक्षा तिच्यातील पेशी अजून जिवंत आहेत का, हे कळणे महत्त्वाचे असते, आणि ते याच वेळी कळले तर पुढचे औषध बदलता येते.

घरी आल्यावर मी याविषयी जमेल तेवढे वाचले. इटली आणि डेन्मार्कमधील डॉक्टरांनी २००७ साली २६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन सायकलनंतर ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला, त्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांनंतरही पुन्हा वाढला नव्हता. ज्यांच्या स्कॅनमध्ये गाठी चमकत राहिल्या, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम १३ टक्के होते. हे आकडे वाचून मला रात्रभर झोप आली नाही. परंतु त्या अभ्यासात बहुतेकांचे औषध पुढे तेच ठेवले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, बाराशेहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात चमक राहिलेल्यांना अधिक तीव्र औषधे दिली गेली, आणि तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी सुमारे ६७ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात होता. दोन अभ्यासांची थेट तुलना करता येत नाही, हे मी जाणतो; तरीही स्कॅनचे भाकीत वेळेवर हाती आले तर ते बदलता येते, हा दिलासा मला त्यातून मिळाला. त्याच अभ्यासात स्कॅन स्वच्छ आलेल्यांपैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन हे फुफ्फुसाला इजा करू शकणारे औषध बंद केले, आणि त्यांचे निकाल जवळपास तेवढेच चांगले राहिले. म्हणजे हा स्कॅन केवळ वाईट बातमी सांगण्यासाठी नसून, नको असलेले औषध वाचवण्यासाठीही आहे.

रिपोर्टवर "डोव्हिल" असे लिहून १ ते ५ मधील एक आकडा दिलेला असतो. फ्रान्समधील डोव्हिल या गावी २००९ साली तज्ज्ञांच्या बैठकीत ही मोजणी ठरली. गाठीची चमक छातीतील रक्तापेक्षा आणि यकृतापेक्षा कमी की जास्त, हे त्यात पाहतात. १ ते ३ साधारणपणे चांगले आणि ४ किंवा ५ आले तर काळजीचे. मात्र क्षयाच्या किंवा जंतुसंसर्गाच्या गाठीही अशाच चमकतात. आपल्या भागात क्षय किती आहे हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून शंका असेल तेथे पुन्हा तुकडा तपासल्याशिवाय कोणीही धीर सोडू नये. शिवाय लिम्फोमाचे सगळे प्रकार सारखे नसतात. मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात मधल्या स्कॅनवरून औषध बदलल्याचा तसा फायदा दिसलेला नाही. तेथे उपचार संपल्यानंतरच्या स्कॅनला अधिक वजन आहे.

आता आमची चूक सांगतो. रात्रभर प्रवास करून पहाटे स्टेशनवर उतरलो, मुलगा थकलेला दिसला, म्हणून मीच त्याला साखरेचा चहा पाजला. या तपासणीत शिरेतून जे औषध देतात ते साखरेसारखेच असते, म्हणून चार ते सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको असते. त्या औषधातील किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्म्यावर येतो, त्यामुळे ते कोणासाठी राखून ठेवता येत नाही. आमचा नंबर गेला, पुढची तारीख सहा दिवसांनी मिळाली आणि तिसरी सायकलही तेवढीच लांबली. पुढच्या खेपेला मुलाला मंद उजेडाच्या खोलीत तासभर न बोलता पडून राहायला सांगितले आणि अंगावर जाड ब्लँकेट घातले. थंडी वाजली की मानेतील एक प्रकारची चरबीही चमकू लागते, आणि त्याच्या गाठी नेमक्या मानेतच होत्या. हे सारे तारखेच्या चिठ्ठीवर मराठीत चार ओळींत लिहून दिले असते, तर आमचे ते सहा दिवस वाचले असते.

त्याचा आकडा २ आला. ब्लिओमायसिन बंद झाले आणि उरलेल्या सायकल चालू आहेत.

माझी विनंती अशी, की हिंगोली, परभणी, धाराशिवसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या लिम्फोमाच्या रुग्णाला केमो सुरू होण्यापूर्वीच्या आणि दोन सायकलनंतरच्या स्कॅनची तारीख पहिल्याच दिवशी, केमोच्या तारखांशी जुळवून मिळावी, आणि दुरून येणाऱ्यांना सकाळी उशिराचा नंबर द्यावा. पहिला स्कॅनच नसेल, तर दुसरा कशाशी ताडून पाहणार? आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या कर्करोगतज्ज्ञांकडून या तपासणीच्या सूचना सोप्या मराठीत लिहून घ्याव्यात. ते कात्रण मी आमच्या तालुक्यातील दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत स्वतः नेऊन लावीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)