सीपीके मागता, मग चार्टही बघा

महोदय,

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. नवा जॉब लागला की कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘सीपीके किती?’ (पीस टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, किती आरामात बसतात ते सांगणारा आकडा.) १.६७च्या वर असला की फाइल पुढे सरकते. आकडा आला कसा, हे कुणी विचारत नाही. मागे एकदा १.५२ आला, तर समोरचा साहेब सहज म्हणाला, ‘टोकाचे दोन पीस बदला की!’

२५ मिलिमीटरचा एच-सेव्हन (अचूकतेचा एक दर्जा) बोअर, म्हणजे भोक, घ्या. टॉलरन्स शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). नवा इन्सर्ट (कापणारं टोक) लावून सलग ३० पीस काढले की सिग्मा, म्हणजे मापांतली पसरण, दोन मायक्रॉनच्या आसपास येतो. २१ला सहा सिग्माने, म्हणजे १२ने भागलं की सीपी १.७५. सेटिंग बरोबर मध्यावर असेल तर सीपीकेही तेवढाच, कागद पास. पण इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान होतो. म्हणून जाणता ऑपरेटर सुरुवातीला सेटिंग जरा वर, १४ मायक्रॉनवर ठेवतो. त्या वेळचे ३० पीस मोजा, जवळची हद्द सातच मायक्रॉनवर, त्याला तीन सिग्माने, म्हणजे सहाने भागलं की सीपीके १.१७, म्हणजे नापास! मशीन तेच, माणूस तोच, आणि एअर गेजवर पीस सगळे ओके.

शिवाय ३० पिसांवरून काढलेला १.६७ म्हणजे खरा आकडा साधारण १.२ ते २.१ यांत कुठेही असू शकतो. एवढ्या ढोबळ अंदाजावर दशांशाची दोन घरं मोजून ऑर्डर ठरते, याचं मला नवल वाटतं.

प्रोसेस आधी स्थिर आहे का ते बघा, क्षमता मग मोजा, हा साधा क्रम आहे. कंट्रोल चार्ट, म्हणजे वेळोवेळची मापं हद्दींच्या रेघांसह मांडणारा आलेख, अमेरिकेच्या श्युहार्ट यांनी १९२४मध्येच मांडला. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमार्फत श्युहार्ट १९४७-४८मध्ये आपल्याकडे येऊनही गेले. तरी आमच्याकडे चार्ट भरला जातो तो बहुधा ऑडिटच्या आदल्या रात्री, एकाच पेनाने.

कस्टमरांनी सलग ३० पिसांचा हट्ट सोडावा. तिन्ही पाळ्यांतले पाच-पाच पिसांचे गट, इन्सर्ट कधी बदलला याची नोंद आणि गेज तपासल्याचा कागद, एवढं मागावं. छोट्या शॉपलाही ते जमतं. कागद-पेन्सिल नि कॅल्क्युलेटर पुरतो. आणि येणाऱ्या साहेबांनी एसी केबिनमधून उठून मशीनपाशी लावलेला चार्ट एकदा वाचावा.

(ऑर्डरी चालू आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे