गॅस पेटवायच्या आधी

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा आई सहज बोलून गेली, "भाजी करपली गं, पातेलं अजून भिजत घातलंय." वेळ आठवून पाहिली, तर तेव्हा माझाच फोन चालू होता. आई, तू ते बोलली नाहीस, पण माझ्या जिवाला लागलंय. यापुढे तुमच्या स्वयंपाकाच्या वेळी मी फोन करणार नाही. दुसऱ्या कुणाचा आला, तर आधी गॅस बंद, मग फोन. घरात आग लागायचं एक मोठं कारण हेच असतं, गॅसवर काहीतरी ठेवून माणूस दुसरीकडे जातो.

आणखी एक मागणं आहे. कढई तापत ठेवून तू कांदा चिरायला घेतेस. इतकी वर्षं ते जमलं, पण आता त्यात तुझी ओढाताण होते, मी पाहिलंय. सगळं आधी चिरून, मोजून, वाट्यांमध्ये काढून ओट्यावर मांड आणि मगच गॅस पेटव. चिरायचं काम टेबलाशी बसून कर, पायांना तेवढाच आराम. चॉपिंग बोर्डाखाली ओलं फडकं पिळून पसरलं की तो सरकत नाही. बाबा, सुरीला धार लावायचं काम तुमच्याकडे. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती सटकते.

असं केल्यापासून माझं लक्ष कढईकडे राहायला लागलंय. कांदा टाकला की आधी मोठा चर्र आवाज येतो, वाफ निघते. कांद्यात पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, म्हणून रंगही चढत नाही. पाणी उडून गेलं की आवाज बारीक होतो, कडा सोनेरी व्हायला लागतात आणि वास बदलतो. आता मी घड्याळाकडे न बघता त्या आवाजावरूनच ओळखते. कढई मात्र गच्च भरायची नाही, नाहीतर कांदा परतला न जाता वाफेवर शिजतो.

बाबा, तुम्हाला हल्ली सगळं अळणी लागतं. वयाबरोबर वास आणि चव दोन्ही मंदावतात, त्यात आईच्या हाताचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा छोटा चमचा जेमतेम भरेल एवढं. तेव्हा वरून मीठ घेण्याआधी लिंबू पिळून बघा. आंबटपणाने चव उठून येते.

उरलेलं अन्न 2 तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, भात तर नक्कीच. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे बियांसारखी त्यांची चिवट रूपं, शिजवूनही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की वाढायला लागतात.

जड भांडी खालच्या कप्प्यातून वाकून काढू नका. पुढच्या खेपेला मी सगळी मांडणी बदलून देते, रोजचं सगळं कमरेच्या उंचीला.

आणि आई, त्या पातेल्यात पाणी आणि खायचा सोडा घालून एक उकळी काढ आणि तसंच राहू दे. घासत बसू नकोस, मी आल्यावर घासीन.

तुमची,
लेक