वडिलांना क्षमेचा दिलासा देणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

माझ्या वडिलांच्या मनावरचे जुने ओझे उतरावे म्हणून आपण जे केले, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहावे, ही वडिलांचीच इच्छा आहे. तसेच ओझे घेऊन आणखी कितीतरी माणसे उपासनेला येत असतील आणि मुकाट्याने परत जात असतील, असे त्यांना वाटते.

अडचणीच्या काळात मदत मागायला आलेल्या धाकट्या भावाला वडिलांनी दारातूनच परत पाठवले होते, आणि दोघांचा समेट होण्याआधीच काका गेले. त्यानंतरही वडील चर्चला नियमाने येत राहिले, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी बाकावरून उठेनासे झाले. आम्ही घरचे त्यांची समजूत घालायचो ती एकाच रीतीने : तेव्हा परिस्थितीच तशी होती, इतके काय मनाला लावून घ्यायचे. आपण यातले अक्षरही उच्चारले नाही. त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतलेत आणि मग हे पाप होते, असे स्पष्ट म्हणालात. त्या शब्दाने वडील खचतील या भीतीने मी त्यांच्याकडे पाहिले, तर बोलताना सारखी चाळवत असलेली त्यांची बोटे थांबली होती. त्यांच्या अपराधाला कुणीतरी पहिल्यांदाच अपराध मानले होते. आणि कारणे देऊन झाकून ठेवलेल्या गोष्टीची क्षमा तरी कोण कशी करणार?

त्यांचा खरा पेच पुढेच होता. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी जाऊन भावाशी समेट कर, असे प्रभूने सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. पण ज्याचा भाऊच उरला नाही त्याने कुठे जायचे? तेव्हा आपण बायबलमधले 51 वे स्तोत्र काढलेत. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचे हे स्तोत्र असल्याचे त्याच्या शीर्षकातच सांगितले आहे, हे आम्ही अनेकदा वाचले होते. परंतु त्या वेळी उरीया जिवंत नव्हता, दावीदानेच त्याला लढाईत मरणाच्या तोंडी धाडले होते, आणि म्हणून ज्याचा घात केला त्याच्या पाया पडण्याची वाट दावीदालाही बंद झाली होती, हे आपण दाखवून देईपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. मी तुझ्याविरुद्धच पाप केले, असे दावीद देवाला म्हणतो, त्यात उरीयावरचा अन्याय लहान होत नाही. उलट माणसावर केलेला अन्याय देवापर्यंत पोहोचतो, आणि म्हणूनच तो माणूस गेल्यावरही क्षमा मागायला एक दार उघडे राहते. आपण तिथेच थांबला नाहीत, याचे मला विशेष वाटते. देवाने तुझे पाप दूर केले आहे, असे नाथानाने सांगितल्यावरही दावीदाच्या घरावरचे दुःख टळले नाही, हेही आपण वाचून दाखवलेत. काकांची उणीव भरून येईल असे खोटे आश्वासन आपण दिले नाहीत, आणि त्यामुळेच आपल्या बाकीच्या शब्दांवर वडिलांचा विश्वास बसला.

त्यानंतरही, मन मात्र अजून दोष देतच राहते, असे ते म्हणत. त्यावर आपण योहानाच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दिलात : आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले, तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. क्षमेचा आधार येशूच्या वधस्तंभावरील मरणात आहे, एखाद्या दिवशी आपल्या मनाला काय वाटते त्यावर नाही, हे आपण वेगवेगळ्या भेटींत, न कंटाळता, पुन्हा पुन्हा सांगितलेत. माझ्या मते यातच सगळा दिलासा आहे. मन हलके वाटणे हीच क्षमेची खूण असती, तर वडिलांसारख्या हळव्या माणसाला ती कधीच मिळाली नसती.

आता ते प्रभुभोजन घेतात. काकांच्या मुलाला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, त्यात काही लपवले नाही, आणि जे तेव्हा द्यायला हवे होते ते आता देण्याची तयारी कळवली. हे क्षमेचे मोल नव्हे, हे आपण त्यांना बायबलमधल्या जक्कय या जकातदाराच्या गोष्टीवरून समजावले होते : प्रभू त्याच्या घरी उतरला तो आधी, आणि लोकांकडून अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे बोल त्याच्या तोंडून निघाले ते नंतर. पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते येईलच असे आम्ही धरूनही चालत नाही, कारण त्या मुलाचे दुःख त्याचे स्वतःचे आहे आणि आमच्या सोयीने त्याने ते आवरते घ्यावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हाला नाही. आपण मात्र प्रार्थनेत वडिलांबरोबर त्याचेही नाव घेता आणि त्याने क्षमा करावी म्हणून नव्हे, तर त्याला शांती मिळावी म्हणून विनवता. त्याबद्दल आम्ही सर्वजण आपले वेगळे आभार मानतो.

आपली नम्र,
त्यांची मुलगी