रेडिओच्या वेळा पुन्हा छापाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात राहते. तीस वर्षं अंगणवाडीत काम करून निवृत्त झाले. आमच्या ह्यांची नजर काचबिंदूनं गेली, त्याला सहा वर्षं झाली. आपलं वर्तमानपत्र मी त्यांना रोज मोठ्यानं वाचून दाखवते. पण पेपर आमच्या गावात पोचेपर्यंत नऊ वाजतात. त्याआधी सातलाच घरात रेडिओ लागतो, आकाशवाणीचं पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झवर. ७ ते १४ मे या आठवड्यात या रेडिओनं आम्हाला कसं सांभाळलं ते लिहिते आहे, कारण त्यातूनच आपल्याकडे एक मागणं आहे.

आमचा धाकटा मुलगा सैन्यात आहे. कुठं आहे ते लिहीत नाही. बुधवारी ७ तारखेला उठलो तर बातमी आली की रात्री आपल्या सैन्यानं पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मिरात नऊ ठिकाणी हल्ले केले. पहलगामला २२ एप्रिलला अतिरेक्यांनी २६ माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. तेव्हापासून मनात धाकधूक होतीच. तरी ऐकल्यावर चुलीवरचं दूध उतू गेलेलं मला कळलं नाही.

खरी परीक्षा गुरुवारच्या रात्री झाली. शेजारच्या घरी टीव्ही चालू होता आणि आमची सून तिथं जाऊन बसली होती. एका वाहिनीवर भोंगे वाजत होते. ते सीमेवरचे नव्हते, स्टुडिओतून लावलेले होते. कराचीचं बंदर उडवलं, अमकं शहर घेतलं, असं ओरडून सांगत होते. ती पोर थरथरत घरी आली. दोन वाजेपर्यंत आम्ही कुणी झोपलो नाही. सकाळी ७.१० ला पुण्याच्या बातम्या लागल्या तेव्हा त्यात कराची नव्हतं. अधिकृतपणे जेवढं सांगितलं होतं तेवढंच सांगितलं, नेहमीच्याच आवाजात, आणि पुढं जिल्ह्याच्या बातम्या सुरू झाल्या. ह्यांनी सुनेला जवळ बसवलं आणि म्हणाले, "पोरी, इथं नाही म्हणजे अजून नाही." पुढं शनिवारी सरकारलाच वाहिन्यांना सांगावं लागलं की ते भोंगे लावू नका.

शनिवारी संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबल्याचं सातच्या मुंबईच्या बातम्यांत ऐकलं. रात्री पुन्हा ड्रोन दिसल्याचं कानावर आलं, म्हणून रविवारी परत सातपासून रेडिओजवळ. दुपारी मुलाचा फोन आला. दोन मिनिटं बोलला. त्यातलं एक मिनिट त्यानं कुरडया झाल्या का हे विचारण्यात घालवलं.

कुरडयांचंही सांगते, कारण बातम्यांच्या त्याच दहा मिनिटांत हवामान असतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. एकदा चीक शिजवला की थांबता येत नाही, त्याच दिवशी सोऱ्यातून घालून उन्हात टाकावा लागतो. आमच्याकडे सहा बायका सावडीनं येतात. गहू भिजून तिसरा दिवस होता आणि रेडिओनं मध्य महाराष्ट्रात वादळी वाऱ्यासह पावसाचा इशारा दिला. ऊन लख्ख पडलेलं. दोघीजणी म्हणाल्या, कशाला थांबायचं? मी थांबायला लावलं. पुन्हा पाणी बदलून ठेवलं. दुपारी चारला वळीव असा आला की गच्चीवरचा कागद लिंबाच्या झाडात जाऊन अडकला. लाइट गेली, मोबाइलची रेंज गेली. सेलवरचा रेडिओ तेवढा चालू होता. कुरडया दोन दिवसांनी केल्या, पांढऱ्या स्वच्छ झाल्या.

उन्हाळ्याचे कार्यक्रमही या आठवड्यात ऐकले. पन्हं, कोकमाचं सरबत, मुलांच्या सुट्ट्या हे सगळं छान असतं. मला मोलाचं वाटलं ते उन्हाच्या त्रासाबद्दलचं बोलणं. अंगणवाडीत मी किती पोरांना जलसंजीवनी पाजली आहे, त्यामुळे कान तिकडं जातोच. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, असं सगळेच सांगतात. पण कांदा काढणारी बाई काय करणार? तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा, डोक्यावर ओलं फडकं ठेवा, चक्कर आलेल्या माणसाला आधी सावलीत न्या, हे शेताच्या बांधावर ऐकू जायला हवं. तिथं पेपर जात नाही आणि टीव्हीही जात नाही.

बाकीचा आठवडा भराभर गेला. सोमवारी विराट कोहली कसोटीतून निवृत्त झाल्याचं ऐकून हे अर्धा दिवस बोलले नाहीत. मंगळवारी दहावीचा निकाल लागला, राज्याचा ९४.१० टक्के, आणि आमची नात त्यात पास झाली. त्याच दिवशी मोसमी पाऊस निकोबारपर्यंत आल्याची बातमी होती. केरळात तो २७ तारखेच्या सुमाराला येईल असं आधीच सांगितलं आहे. टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या तालुक्याला यापेक्षा मोठी बातमी नाही. आणि काल, बुधवारी, अमरावतीचे भूषण गवई देशाचे ५२ वे सरन्यायाधीश झाले. ह्यांनी ती बातमी परत ऐकायची म्हणून संध्याकाळचे सात वाजायची वाट पाहिली.

आता मागणं. पूर्वी वर्तमानपत्रांत आकाशवाणीचे त्या दिवशीचे कार्यक्रम वेळेसकट छापून यायचे. ते कधी बंद झाले ते कळलंही नाही. आज टीव्हीवरचे सिनेमे येतात, मोबाइलवर काय बघावं ते येतं, रेडिओचं काही येत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, म्हणजे रेडिओवर बातमी ऐकायची तर आकाशवाणीच. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करायचा निर्णय झाला होता. तेव्हा वर्तमानपत्रांनीच तो विषय लावून धरला, लोक बोलले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ७.१० च्या बातम्या राहिल्या त्यात आपल्यासारख्यांचा वाटा आहे. मग त्या कधी लागतात हे नव्या पिढीला कुठून कळणार? आमच्या सुनेलाही ही वेळ याच आठवड्यात पाठ झाली.

सगळे कार्यक्रम छापा असं म्हणत नाही. बातम्यांच्या वेळा, शेतीचा कार्यक्रम, आरोग्याचं काही असेल तर ते, आणि वेळ बदलली तर ती बदलल्याचं. चार बोटं जागा पुरेल. अक्षर जरा मोठं ठेवावं, कारण वाचणारे बहुतेक माझ्या वयाचे असतील. मी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला पुठ्ठ्यावर या वेळा लिहून लावल्या आहेत, गल्लीतल्या चार घरांनी त्याचा फोटो काढून नेला. आपल्याला हव्या असतील तर उतरवून पाठवते.

आपली वाचक,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. पुरंदर, जि. पुणे
१५ मे २०२५