वहिनी, यादी तुम्ही छोटी केलीत

वहिनी,

हे पत्र घरी येऊन हातात दिलं असतं, तर तुम्ही ते न उघडताच फ्रीजवर ठेवलं असतं आणि "चहा टाकू काय?" म्हणून विषय संपवला असता. म्हणून चारचौघांसमोर लिहितो. दुसरंही एक कारण आहे. बेळगावजवळच्या पिरनवाडीत माझ्या टेबलाखालचा तो काळा डबा ज्याला दिसतो तो विचारतो, "दादानं जोडून दिला काय?" दादा माणूस सोन्यासारखा, पण त्या कामात त्यांचा वाटा म्हणजे एक स्क्रूड्रायव्हर, आणि तोही बसला नाही. कॉम्प्युटरचे पार्ट निवडले ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुमच्या लाल पेनानं. हे सगळ्यांना कळू दे.

ओळख नसलेल्यांसाठी सांगतो. वहिनी मूळच्या चिकोडीच्या, इलेक्ट्रॉनिक्समधला डिप्लोमा झालेल्या. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे बंद पडलेले ड्राइव्ह आणि कंट्रोलर त्या दुरुस्त करतात. मी फौंड्रीवाल्यांना कास्टिंगची (ओतीव भागांची) आणि पॅटर्नची (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याची) थ्रीडी मॉडेलं करून देतो. नोकरी सोडून घरून काम करायचं ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटर तयार न घेता पार्ट आणून जोडायचा असं मनात होतं. जोडणं आधी कधी केलेलं नव्हतं.

सल्ला द्यायला माणसांची कमी नव्हती. दुकानातल्या कोटेशनमध्ये २४ कोरचा प्रोसेसर (कोर म्हणजे एकाच वेळी राबणारी डोकी), पाण्यानं थंड होणारा कूलर, भलंमोठं ग्राफिक्स कार्ड आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये सहा पंखे होते, सगळे दिवाळीसारखे लखलखणारे. पुण्याच्या मावसभावानं त्यात दुसरा मॉनिटर घातला. कॉलेजच्या मित्रानं रॅम दुप्पट केली. प्रत्येकानं प्रेमानंच केलं, आणि प्रत्येकानं वाढवलंच. तुम्ही एकट्याच निघालात काढून टाकणाऱ्या.

तुमचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो, कारण तो कॉम्प्युटरबद्दल नव्हताच. "भावजी, घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर?"

मला सांगता आलं नाही. पंखा इन्व्हर्टरवर घुरघुरतो, एवढं सांगितलं. तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत: स्क्वेअर, म्हणजे लाइनीच्या विजेसारखी गुळगुळीत नव्हे, चौकोनी लहर देणारा. मग समजावलंत की वीज गेली आणि इन्व्हर्टरनं ताबा घेतला, या दोन्हीच्या मधला जो क्षण असतो, तेवढा वेळ एसएमपीएसला (भिंतीतली वीज पार्टांना लागेल तशी करून देणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सप्लायला) स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्स या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मापदंडात हा वेळ साधारण १६-१७ मिलिसेकंद धरलेला आहे. साध्या इन्व्हर्टरला अदलाबदल करायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो आणि तासाभराचं ड्रॉइंग घेऊन जातो. पावसाळ्यात आमच्याकडे खानापूरच्या बाजूनं ढग आले की वीज किती वेळा डोळा मारते हे इथल्या कुणालाही सांगायला नको. आजकालच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असतं आणि त्यातल्या काहींना चौकोनी लहर झेपत नाही, हेही तेव्हाच कळलं. कॉम्प्युटरपुरता वेगळा साइन वेव्ह यूपीएस यादीत आला. तुम्ही वाढवलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

दुसरी गोष्ट यादीत बसणारीही नव्हती. तुम्ही मीटर घेऊन घरी आलात आणि सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगच्या मधला व्होल्टेज मोजलात. तिथे २३० च्या आसपास आकडा यायला हवा होता. आमच्याकडे तो कुठेच ठरत नव्हता. अर्थिंग नावालाच होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थिंगलाच जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसलं की अख्ख्या कॅबिनेटवर वीजपुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, पण बोटाला मुंग्या येतात. "कॉम्प्युटर शॉक मारतोय" म्हणून दुकानात परत नेतात ते हेच. त्यामुळे माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचा पहिला खर्च झाला तो परसात खड्डा खणण्यावर, पाइप, कोळसा आणि मीठ यांवर. आई म्हणाली, "कॉम्प्युटर पुरणार आहेस काय?"

एसएमपीएसवर मात्र तुम्ही एक पैसा वाचवू दिला नाहीत. त्याबद्दल सांगायचंच तर तुमच्या वर्कशॉपमधली ती दुपार सांगायला हवी. कॅबिनेटबरोबर फुकटात येणारा एक मेलेला सप्लाय तुम्ही उघडून समोर ठेवलात. बोर्डावर जिथे फिल्टरची कॉइल असायला हवी तिथे रिकामी जागा आणि नुसती तारेची वेटोळी जोडलेली. बाहेर स्टिकरवर वॅटचा आकडा झोकात. शेजारी दुसरा, चांगला, उघडलात. हातात घेतल्याबरोबर वजनातच फरक. मी '८० प्लस'चा शिक्का पाहून घ्यायचा म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही एवढंच तो शिक्का सांगतो. व्होल्टेज उसळला तर सप्लाय आतल्या पार्टांना वाचवेल की घेऊन बुडेल, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ओव्हर व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे बघा. ६५० वॅटचा घेतला. आजच्या गरजेपेक्षा तो बराच मोठा आहे आणि ते तुम्ही मुद्दाम करवून घेतलंत. का, ते पुढे येतंय.

प्रोसेसरवर आपलं थोडं वाजलं. २४ कोर सोडायला माझं मन होईना. तुम्ही विचारलंत, मॉडेल बदललं की कॉम्प्युटर काय करतो? मी फ्रीकॅड या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली तेव्हापासून धंद्याचं कामही त्यावर निभतं. त्यात एक माप बदललं की त्यानंतरची प्रत्येक पायरी पुन्हा, ओळीनं, मोजली जाते. आधी ब्लॉक, मग त्यातलं भोक, मग भोकाच्या कडेचा गोलवा. पुढची पायरी मागचीवर उभी असते. तुम्ही माझ्याच धंद्यातलं बोललात: पॅटर्न झाल्याशिवाय साचा नाही, साचा झाल्याशिवाय ओतकाम नाही, फौंड्रीत आणखी वीस माणसं उभी केली म्हणून लोखंड आधी ओतता येत नाही. मला थोडे पण वेगवान कोर हवे होते. एएमडी कंपनीच्या रायझन ५ मधला ७६०० ठरला. सहा कोर, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, ६५ वॅटच्या वर्गातला, आणि कूलर डब्यातच. पाण्याचा कूलर तिथेच यादीतून गेला. रात्रभर रेंडरिंग किंवा मोठं सिम्युलेशन करणाऱ्याला जास्त कोरचा उपयोग आहे हे तुम्हीच सांगितलंत, तेवढा न्याय तुमच्याकडून २४ कोरला मिळाला.

मग ग्राफिक्स कार्डाचा नंबर. हे कोटेशनमधलं सगळ्यात महाग प्रकरण. त्यावर तुम्ही आडवी रेघ मारलीत तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स अंगचंच आहे. गेम खेळायला ते पुरत नाही, पण एकेका कास्टिंगचं मॉडेल फिरवायला पुरतं. "आधी काम करून बघा. अडलं तर कार्ड टाका, जागा कुठे पळून जातेय की." मोठा एसएमपीएस घ्यायला लावला तो यासाठी. मोठ्या असेंब्लीची कामं आली की कार्ड घ्यावंच लागेल, पण आजतागायत तिथला स्लॉट रिकामा आहे, आणि त्या पैशांत मॉनिटर चांगला आला. दिवसभर डोळे लावून बसायचं ते त्याच्यावरच.

रॅमच्या बाबतीत मित्र म्हणत होता, चारही स्लॉट भरून टाक. तुम्ही माझ्या प्रोसेसरच्या ७००० मालिकेचा तक्ता दाखवलात: डीडीआर५ या प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर कंपनी ५२०० चा वेग मान्य करते, चार लावल्या तर ३६००. १६ जीबीच्या दोन घेतल्या, मदरबोर्डाच्या पुस्तकात बघून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, कारखान्यांचा माल डेटा सेंटरांकडे वळल्यानं, तेव्हा मी उरलेले दोन स्लॉट रिकामे असल्याचा आनंद मानायचा की दुःख, हे अजून ठरवलेलं नाही. एसएसडीवर, म्हणजे फायली साठवायच्या पार्टवर, आपण पाच मिनिटंही घालवली नाहीत. एक टीबीचा एनव्हीएमई, चौथ्या पिढीचा, पुरे.

काचेचं कॅबिनेट गेलं आणि जाळीचं आलं. उद्यमबागेतून माझ्या अंगावर, पिशवीतून, बुटांतून येणारी धूळ साधी नसते, त्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो वीज वाहून नेतो. पुढच्या जाळीला काढून धुता येणारी गाळणी हवी, हा तुमचा एकच हट्ट. रंग कुठलाही घ्या म्हणालात. (काळा घेतला, दादांना पांढरा हवा होता.)

खरेदीचं तर तुम्ही गणितच मांडलंत. बेळगावात घेतलं तर बिलावर नऊ आणि नऊ टक्के, कोल्हापूरहून मागवलं तर एकदम अठरा, जीएसटी सारखाच. १ जुलै २०१७ आधी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून माल आणणं म्हणजे काय होतं ते बाबांच्या पिढीला विचारावं. तेव्हा भावापेक्षा बघायचं ते हे, की पार्ट बिघडला तर त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे: इथे, हुबळीला, कोल्हापूरला की थेट बेंगळुरूला. एका बोर्डाचा भाव कमी असूनही तुम्ही तो याच कारणानं नाकारलात. प्रोसेसर सीलबंद डब्यातला घ्या, सुटा 'ट्रे'मधला नको. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला, पण त्यानं लिहिले.

जोडणीच्या रविवारी तुम्ही हातात काहीच घेतलं नाहीत. खुर्चीत बसून शेंगा सोलत होतात आणि मी चुकायच्या आधी बोलत होतात. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते खुंट) बोर्डाच्या भोकांशी जुळवून बघा, एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करेल. प्रोसेसर बसतो त्या एएम५ च्या सॉकेटमध्ये १७१८ पिना आहेत, बोट लावू नका. दांडी खाली दाबताना जोर लागला तर दचकू नका. वरचं प्लास्टिकचं झाकण उडालं तेव्हा मी ते कचऱ्यात टाकणार इतक्यात म्हणालात, "ठेवा ते, बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर मागतील."

आणि बटण दाबायच्या आधी सांगितलंत ती गोष्ट, ज्यासाठी मी तुम्हाला वेगळा नमस्कार घालतो. पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो, काही मिनिटं पडदा काळाच राहतो, त्या वेळात बंद करायचं नाही. पंखे फिरताहेत, पडद्यावर काही नाही, दादा म्हणताहेत "गेला वाटतं". तुम्ही शेंगा सोलताय. मग बोर्डाचं चिन्ह उमटलं. तुम्ही आधी सांगितलं नसतं, तर मी तीनदा बटण दाबून, सगळं उसकटून, रडत बसलो असतो.

पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात, म्हणून ते परत विचारत नाही. तुमच्या वर्कशॉपच्या नव्या जागेचा नकाशा हवा होता ना, तो मी करतोय, मापं दादांकडून घेतली आहेत. पॅनेल बोर्डाची भिंत कुठली ठेवायची एवढं कळवा.

आणखी एक. खानापूरच्या आत्याचा पोरगा बारावी झालाय, त्यालाही कॉम्प्युटर जोडायचाय. त्यानं मला ग्राफिक्स कार्डाचे फोटो पाठवले. मी त्याला इन्व्हर्टरच्या पाटीचा फोटो पाठवायला सांगितलाय. पुढच्या रविवारी त्याला घेऊन येतो. लाल पेन जवळ ठेवा, त्याच्या यादीत आठ पंखे आहेत.

आपला,
पिरनवाडीचा भावजी