पुनर्वसनाची इमारत नको, भाड्याचे घर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घर नाही, घरचे न्यायला येत नाहीत किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १९ सांगते. तरीही बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणे थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१मध्ये महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले. पुनर्वसनाचा विषय निघाला की आपल्याकडे आधी भूखंड आणि निविदेची चर्चा होते. पन्नास खाटांची इमारत उभी राहते, तिला गेट येते, गेटवर रखवालदार, मग जेवणाची घंटा. वॉर्डच, फक्त नवा रंग दिलेला. तोच पैसा साध्या सोसायटीतल्या टू बीएचकेचे भाडे, त्यात राहणारे चार जण आणि त्यांच्या सोबतीला एक पगारी माणूस यावर खर्च व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

प्रश्न फक्त बेघरांचा नाही. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या माणसाच्या वाट्याला घरच्यांची सततची टीका किंवा अतिकाळजी आली आणि त्या नातलगाचा समोरासमोर सहवास आठवड्याला ३५ तासांहून जास्त असला, तर आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, असे लंडनमधल्या १९७०च्या दशकातील अभ्यासात दिसले होते. हे ३५ तास बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांत मोजून पाहा; मंगळवार संपायच्या आत भरतील. यात आईवडिलांचा दोष नाही. खोलीला दुसरा कोपराच नसतो.

असे भाड्याचे घर घ्यायला गेले की पहिली ठेच करारनाम्याला लागते. करार अकरा महिन्यांचाच करणे हा नियम नव्हे, सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मग ३६ महिन्यांचा का करू नये? दर अकरा महिन्यांनी घर बदलले की ओपीडी, बँक, रेशन दुकान, ओळखीचा केमिस्ट, सगळे बदलते, आणि सावरलेला माणूस नेमका त्या महिन्यात कोलमडतो. दुसरी चूक म्हणजे करार फक्त घर चालवणाऱ्या संस्थेच्या नावे करणे. राहणाऱ्यांची नावे करारात नसतील तर त्यांच्या हाती पत्त्याचा पुरावा राहत नाही. आधारवरचा पत्ता, दिव्यांगत्वाचे कार्ड, अनुदान, रेशन तिथेच अडते. जागा शोधताना केईएम, नायर, शीव किंवा कूपरच्या मानसोपचार ओपीडीला एका बसने पोहोचता येईल अशी पाहावी. भाडे वाचवायला विरार-बदलापूरला घेतलेले घर तारखा चुकवायला लावते.

सोसायटीत ‘हॉस्टेल चालवता का?’ हा प्रश्न येतोच. चार भाडेकरू एकत्र राहतात, एवढेच उत्तर. कोणाला कोणता आजार आहे हे कमिटीला सांगणे बंधनकारक नाही आणि त्या व्यक्तीच्या संमतीविना सांगूही नये. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी मालकाला लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, हेही कमिटीने लक्षात ठेवावे.

घर चालते की मोडते ते मात्र आत ठरते, आणि फार क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर. उदाहरणार्थ पाणी. अनेक इमारतींत ते पहाटे येते. रात्रीच्या गोळीने जड झालेला माणूस साडेचारला उठू शकत नाही, पिंप रिकामे राहते, भांडण होते आणि त्याला आळशी ठरवले जाते. पाणी भरायचे काम दुसऱ्याला द्यावे किंवा गोळीची वेळ अलीकडे आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. तसेच सिगारेटचे. रुग्णालयात धूम्रपानबंदी असताना क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचा डोस ठरतो. घरी आल्यावर दिवसाला दहा बिड्या सुरू झाल्या की धुरामुळे यकृत ते औषध भराभर संपवते आणि रक्तातली पातळी घसरते. काही आठवड्यांत आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात आणि खापर घरावर फुटते. उलट कोणी उत्साहात घरात एकदम बिडीबंदी केली, तर पातळी चढून माणूस पेंगतो, पडतो. दोन्ही वेळा डॉक्टरांना आधी कळवायला हवे. मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम हे औषध घेणाऱ्याला मे महिन्याच्या घामात किंवा पावसाळी जुलाबांत जपावे लागते; शरीरातले पाणी-मीठ कमी झाले की औषध साठते. दातदुखीला केमिस्टने दिलेली आयबुप्रोफेनही तेच करते. हात जोरात थरथरणे, झोक जाणे, जीभ जड होणे, उलट्या, यातले काही दिसले की पुढचा डोस न देता रुग्णालय गाठून रक्तातली पातळी तपासून घ्यावी.

हे सगळे ओळखणारी सोबतीची पगारी ताई हाच या घराचा खरा खर्च. सुरुवातीचे काही महिने ती मुक्कामी, मग दिवसा, मग आठवड्यातून दोनदा. चौघांचा स्वयंपाक एकटीने उरकला तर घर तासाभरात आवरते आणि त्याचा वॉर्डही तितक्याच सहज होतो. भाजी कोणी आणायची, कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजायच्या, हे चौघांनी ठरवायचे. डाळ करपली तर करपली. दाराला बाहेरून कुलूप नको, प्रत्येकाकडे स्वतःची किल्ली हवी. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद: झोप सलग दोन-तीन रात्री उडाली, आंघोळ सुटली, इतरांनी केलेले जेवण नको झाले, तर कोणाला फोन करायचा आणि पूर्वी कोणते औषध बाधले होते. तोच मजकूर कायद्यानुसार आगाऊ निर्देश, म्हणजे आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत याची आधीच लिहिलेली इच्छा, म्हणून नोंदवता येतो, आणि अशा वेळी आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमता येतो. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

घर म्हणजे औषध नव्हे, हेही सांगायला हवे. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर, मानसिक आजार असलेल्या व्यक्तींवर मोठी चाचणी झाली. आधी घर, मग सोबत, अशा पद्धतीतले ६२ टक्के लोक शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात टिकले. नेहमीच्या सेवा मिळालेल्यांत ते प्रमाण ३१ टक्के होते. आजाराची लक्षणे मात्र दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली.

म्हणून मागणी नेमकी आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात बांधकामाऐवजी तीन गोष्टींसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी: ताईंचे पगार, भाडे, आणि घरमालकाला डिपॉझिटची सरकारी हमी. तिसरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त दारे तीच उघडेल. घरमालक नकार देताना बहुतेकदा आजाराबद्दल बोलत नाहीत. भाडे थकले तर कोणाला धरायचे, हे विचारतात.

– मानसिक आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, मुंबई